क्लारो!

होणाऱ्या विहीणबाईंशी फोनवर बोलता यावं म्हणून मुलाने आईला एकच स्पॅनिश शब्द शिकवला. "क्लारो. म्हणजे 'हो तर!', 'अर्थातच!' कुठेही खपतो. त्या काही म्हणाल्या की हसायचं आणि क्लारो म्हणायचं."

"हात्तिच्या! एवढंच?" आई म्हणाली.

व्हिडिओ कॉल लागला आणि नेमका मुलगा चार्जर शोधायला आत गेला. तेवढ्यात बाहेरून दोन-तीनदा "क्लारो!" ऐकू आलं, शेवटचं तर अगदी ठसक्यात. त्याला आईचं कौतुकच वाटलं.

संध्याकाळी त्याच्या होणाऱ्या बायकोचा फोन आला. बोलता बोलता ती रडायलाच लागली. "तुझी आई माझा लग्नाचा पोशाख शिवणार! स्वतःच्या हाताने! माझ्या आईने दुकानातून घेतलेला परतसुद्धा केला."

मुलगा फोन ठेवून आईकडे धावला. आई शिवायची खरी, पण पडदे. जन्मभर सरळ शिवणी मारलेल्या. बाही म्हणून कशाला लावली नव्हती. आणि लग्न पुढच्या आठवड्यात!

"मी सांगतो त्यांना, गैरसमज झाला म्हणून."

"खबरदार! पोरगी आनंदाने रडली ना? मग शिवायचंच."

"पण हो कशाला म्हणालीस?"

"नाही म्हणायला शिकवलं होतंस का मला?"

घरभर पांढरं कापड झालं. बाबा उभ्याउभ्या जेवू लागले. खालचा घेर आईने झोकात जमवला, पडद्यांचा हात तो! पण बाही काही केल्या बसेना. लावायची, उसवायची, पुन्हा लावायची. लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा ती मशीनवर डोकं टेकून बसली. "पोरीची फजिती होणार रे माझ्यामुळे."

इतक्यात बेल वाजली. दारात विहीणबाई, हातात स्वतःची कात्री. "चालेल!" त्या म्हणाल्या आणि थेट मशीनपाशी गेल्या.

मुलगा बघतच राहिला. "या कशा काय आल्या? उद्या यायच्या होत्या ना?"

"अरे, कापड आणलं त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर कात्री दाखवून मी आपलं सहज विचारलं, याल ना मदतीला? त्या 'चालेल' म्हणाल्या." आईने डोळे पुसले. "मला वाटलं, तेवढाच एक शब्द पढवला असेल लेकीने!"

दुपारपर्यंत बाही बसली. दोघी एकमेकींच्या भाषेत तोंडभरून बोलत होत्या आणि काही अडत नव्हतं. दुभाष्या म्हणून मध्ये बसलेल्या मुलाला दोघींनी मिळून उठवलं. शेवटी पोशाख हँगरवर चढला.

विहीणबाईंनी आईचा हात धरून बरंच काहीतरी विचारलं.

"क्लारो!" आई म्हणाली.

"आई! आता काय कबूल केलंस?"

"मला काय माहीत? करू की दोघी मिळून."