खडूचा बाण आणि डावखुरी बंदूक

बंदुका दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या हातून एकही दस्ता चुकीचा वाकला नव्हता! बंदुकीचा लाकडी दस्ता उजव्या नेमबाजासाठी किंचित उजवीकडे वाकवतात, डावखुऱ्यासाठी डावीकडे. गाल टेकला की डोळा आपसूक नळ्यांच्या रेषेत यायला हवा. "उभ्या आयुष्यात चूक नाही," असं उस्ताद येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. तेव्हा आत त्यांची बायको भांडी जरा जोरात आपटत असे.

त्याला कारण होतं. उस्ताद गिऱ्हाइकाच्या समोर उभे राहून माप घेत आणि कुठे वाकवायचं त्याचा बाण दस्त्यावर खडूने काढत, तो स्वतःच्या डाव्या-उजव्याच्या हिशोबाने. म्हणजे हमखास उलटा. बायको तो गुपचूप पुसून सुलटा काढून ठेवी. उस्तादांचं नाक वर होतं ते तिच्या फडक्याच्या जिवावर.

एक दिवस डावखुऱ्या डॉक्टरीणबाई दुनळी बंदूक घेऊन आल्या. आजवर घरातली उजवी बंदूक चालवून गालाला सूज आणि दिराचे टोमणे, एवढंच त्यांच्या पदरात पडलं होतं.

"पुढच्या रविवारी नेमबाजीची स्पर्धा आहे," बाई म्हणाल्या. "एकदा तरी मला भाऊजींना हरवायचंय."

"डावखुरं काम नाजूक असतं," असं म्हणून उस्तादांनी कधी नव्हे ते डोकं चालवलं. बाईंच्या पाठीमागे उभे राहिले. त्यामुळे या वेळी बाण अगदी बरोबर आला. बायकोने सवयीने तो फिरवला. उस्तादांनी लाकूड नरम करायला गरम तेल सोडून, शिकंज्यात धरून, दस्ता व्यवस्थित वाकवला.

सरावाच्या मैदानावर उस्ताद मान ताठ करून सपत्नीक हजर. बाईंच्या हातून हवेत उडवलेली एक तबकडी फुटेल तर शपथ!

"बंदूक काय करणार, हातच डावा," दीर हसले. त्यांनी ती बंदूक ओढून घेतली आणि उजव्या खांद्याला लावली. तबकड्या पटापट फुटायला लागल्या.

बायको हळूच म्हणाली, "बाण मी फिरवला. नेहमीसारखा."

"नेहमीसारखा?"

उस्तादांनी उभं आयुष्य मनातल्या मनात पुन्हा तपासलं आणि ते मटकन खुर्चीत बसले.

तेवढ्यात दीर आले. "डावखुऱ्यांचे असे लाड होतात होय! रविवारी मला अशीच डावखुरी पाहिजे."

"साहेब, डावखुरी म्हणजे..."

"मला शिकवू नका. अस्सल डावखुरी!"

उस्तादांनी केविलवाण्या नजरेने बाईंकडे पाहिलं. बाईंनी सुजलेला गाल चोळला.

"भाऊजी म्हणतात तशी करून द्या," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आणि माझी सुलटी करा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही बंदुका दुकानात आल्या. उस्तादांनी खडू उचलला आणि बायकोच्या हातात दिला.