सुभानजी घडशी यांचे सहा दात आणि देहविम्याचा निवाडा

श्री.

दात जो देतो आणि आपल्या मर्जीने माघारी नेतो, त्या श्रीचरणी मस्तक ठेवून, पाहिले ते आणि खात्रीच्या माणसांकडून ऐकिले ते, पदरचे न घालिता लिहिले असे. शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सर. नदीकाठी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. श्रीमंत महाराज सुखरूप राज्य करीत होते, आणि वाड्याच्या महाद्वारावर नगारखाना होता, तेथे तिन्ही त्रिकाळ चौघडा झडे व सनई वाजे. सनईस प्रथम बैठक सुभानजी घडशी यांची. वय पन्नाशीचे, अंगाने किरकोळ, परंतु फुंक ऐसी की भैरव आळविला म्हणजे घाटावर धुणे धूत असलेल्या बाया हात थांबवून उभ्या राहत. दुसरी बैठक भिवजी घडशी याची. प्रथम बैठकीने राग वाजवावा आणि दुसरीने शेजारी बसून एकच सूर अखंड धरून राहावे, ऐसी चाल. भिवजी हा सुभानजींचाच शागीर्द आणि साडूही, कारण सुभानजींचे कुटुंब चिमाबाई, तिची धाकटी बहीण मैनाबाई भिवजीस दिली होती. भिवजी तीस वर्षांचा, गोरा, हसतमुख. सुभानजींस दादा म्हणे आणि पायांवर डोके ठेवल्याविना सनईस हात लावीत नसे.

त्या राज्यात देहविमा म्हणून एक दफ्तर होते. प्रत्येक चाकरमान्याने दरमहा दोन आणे तेथे भरावे, आणि चाकरीवर असता हात, पाय, डोळा, दात यांस इजा जाहली तर वैद्याचा खर्च दफ्तराने द्यावा. सुभानजी अकरा वर्षे भरीत आले होते आणि एक दिवसही त्यांनी तेथील कवडी घेतली नव्हती. भिवजीस भरू लागून सात महिने जाहले होते. दसऱ्याच्या स्वारीत भिवजी उंटावर बसून सनई वाजवीत चालला असता बार उडाले, उंट बुजला, आणि सनईचे टोक तोंडात आदळून भिवजीचे पुढील चार दात जागीच पडले. दफ्तराचे कारकून अंताजीपंत स्वतः पाहावयास आले आणि म्हणाले, "चाकरीत मोडले, हजार माणसांनी पाहिले, यात पुसावयाचे काय?" मग राजधानीतील नामांकित दंतवैद्य गोपाळभट यांजकडून चार दात हस्तिदंताचे घडविले, सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांशी बांधिले, आणि दातास तीस प्रमाणे एकशेवीस रुपये दफ्तराने बिनतक्रार मोजिले. भिवजी नवे दात घेऊन प्रथम दादांच्या पाया पडावयास आला आणि हसला. सुभानजी म्हणाले, "छान जाहले." परंतु त्या दिवशी घरी भाकरी दोनच खाल्ल्या.

याचे कारण चिमाबाईस देखील ठाऊक नव्हते. सुभानजींचे वरचे पुढील सहा दात गेली तीन वर्षे हालत होते. सनईची पत्ती ओठांत धरावी तर ओठांस मागून दातांचा टेका लागतो. टेका गेला की फुंक फाटते. चाळीस वर्षे दाबून दाबून ते दात झिजले, मुळे उघडी पडली, आणि मार्गशीर्षात दोन दात एका आठवड्यात गळाले. त्या सांजेस सनईतून सुराऐवजी वारा निघाला. नगारजी चमकून पाहू लागला, आणि भिवजीने सूर सोडून राग उचलिला म्हणून अब्रू राहिली. दुसरे दिवशी सुभानजी गोपाळभटांकडे गेले. गोपाळभटांनी बोट लावून पाहिले आणि सांगितले, "उरलेले चारही काढावे लागतील. सहा घडवावे लागतील. एकशेऐंशी." सुभानजींचा पगार दरमहा बारा रुपये. तेथून उठून थेट दफ्तरात गेले आणि अंताजीपंतांपुढे तोंड उघडून दाखविले. पंतांनी कायद्याची वही काढिली, दोन पाने उलटिली आणि बोलिले, "सुभानजी, विमा मोडीस आहे, झिजेस नाही. जे दात गळून पडले त्या दोहोंचे साठ रुपये मोठ्या मुष्किलीने लिहितो. बाकी आपले आपण पाहावे."

"पंत, माझे दात चाकरीतच गेले. चाळीस वर्षे श्रीमंतांच्या दारात फुंकले."

"मान्य आहे. परंतु रोज थोडे थोडे गेले. एकदम गेले असते तर दिले असते."

"म्हणजे भिवजीचे एका क्षणात गेले ते खरे, आणि माझे चाळीस वर्षे गेले ते खोटे?"

पंत चांगला गृहस्थ होता. खाली पाहून लेखणी पुसू लागला.

तेव्हापासून सुभानजींच्या मनात विस्तव पेटला. प्रथम बैठकीवर भिवजी बसू लागला, तूर्त म्हणून. सुभानजी घरी बसून ऐकत आणि भिवजी कोठे चुकतो ते बोटांवर मोजीत, आणि न चुकला तर अधिक दुःखी होत. वाटेत भेटला तर त्याच्या डोळ्यांकडे न पाहता दातांकडे पाहत. चिमाबाईस म्हणत, "मेला उगाच हसतो. दात दाखवावयास हसतो." चिमाबाई म्हणाली, "तो आधीही हसतच होता." त्याजवर सुभानजी म्हणाले, "आधी मी पाहत नव्हतो." पुढे संक्रांत आली. मैनाबाई आणि भिवजी तिळगूळ घेऊन आले. भिवजीने लाडू तोंडात घातला तो कट्ट ऐसा आवाज जाहला, आणि सुभानजी आपला लाडू दुधाच्या वाटीत भिजवीत बसले होते. भिवजी ते पाहून कासावीस जाहला, पाट सोडून जवळ आला आणि हळू बोलिला, "दादा, दसऱ्यास श्रीमंतांनी दिलेले सोन्याचे कडे माझेपाशी पडून आहे. ते मोडू. एकशेवीस सहज येतील. आपले दात म्हणजे माझी विद्या." सुभानजींनी वाटी सरकविली आणि बोलिले, "तुझ्या पैशाने चावलेला घास माझ्या घशाखाली उतरावयाचा नाही." मैनाबाई रडत घरी गेली आणि दोघी बहिणींचे बोलणे पंधरा दिवस बंद पडले.

मग माघ महिन्यात सुभानजींनी एक बेत मनात धरिला, आणि तो बेत चांगला नव्हता. पंत म्हणाला, एकदम गेले असते तर दिले असते; तर एकदम घालवावे. नगारखान्यास बावीस पायऱ्या दगडी. सकाळचा चौघडा आटोपून मंडळी उतरत असता आपण सूर पाहावयास म्हणून वर जावे, आणि उतरताना पाय घसरल्याचे निमित्त करून तोंडावर पडावे. चार दात हालतच आहेत, ते पडतील, आणि विमा सहाही भरील. त्याप्रमाणे एका सोमवारी वर गेले. जिन्यावर येऊन आठ पायऱ्या उरल्या असता इकडेतिकडे पाहिले, कुलदेवतेचे नाव घेतले, आणि उडी टाकिली. परंतु देह आपल्या मालकाची मसलत ऐकत नाही. जमीन जवळ येताच उजवा हात आपोआप पुढे जाहला आणि मनगटाच्या वर काडकन मोडला. तोंडास धूळ देखील लागली नाही. जे चार दात बोट लावता हालत, ते जसेच्या तसे जागेवर राहिले. सुभानजी ओरडले, लोक धावले, आणि सर्वांपुढे भिवजी धावला, कारण तो वरच्या कठड्याशी पत्ती पुशीत उभा होता आणि त्याने सारे पाहिले होते. कोणास काही बोलिला नाही. दादांस पाठीवर घेऊन घरी आणिले.

चवथे दिवशी अंताजीपंत दोन पंच घेऊन सुभानजींच्या घरी आले. पंतांस मनापासून आनंद जाहला होता; म्हणाले, "सुभानजी, दातांचे मला करता आले नाही, याची खंत होती. हात मात्र मोडला आहे, झिजला नाही. पुरता खर्च देतो, आणि पडलात तेव्हा दातांसही धक्का बसला ऐसे लिहितो, म्हणजे तेही निघतील. फक्त पाय घसरला म्हणून बेलभंडारा उचलावा." ताटात बेलाचे पान आणि भंडारा पुढे ठेविला. चिमाबाई दाराआडून पाहत होती. सुभानजींचा डावा हात ताटापर्यंत गेला आणि तेथे थांबला. पंचांनी एकमेकांकडे पाहिले. तो भिवजी कोपऱ्यातून उठून पुढे आला आणि बोलिला, "दादांस ज्वर आहे, हातास कंप आहे. मी वर उभा होतो. पाय घसरला तो मी डोळ्यांनी पाहिला. बेलभंडारा मी उचलितो."

सुभानजींनी त्याजकडे पाहिले. हा खोटी शपथ घेतो, आपल्यासाठी घेतो, लेकरेबाळे घरी असता देवाची भीती सोडून घेतो, हे सारे त्यांस एका क्षणात कळले. दुसरा कोणी असता तर त्याचे डोळे भरून आले असते. सुभानजींच्या तळपायाची आग मस्तकास गेली. दात याचे, बैठक याची, वाहवा याची, आणि आता मोठे मनही याचेच! डाव्या हाताने ताट दूर ढकलून मोठ्याने बोलिले, "मागे हो! तेवढेही तूच करशील काय? पंत, लिहा. पाय घसरला नाही. मी उडी टाकिली. दात पाडावयास टाकिली आणि हात मोडून घेतला."

पंतांनी लेखणी कानावर ठेविली, पुन्हा काढिली, आणि लिहिले. दाराआडून चिमाबाईचा हुंदका ऐकू आला. भिवजी खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

प्रकरण श्रीमंतांपुढे गेले. श्रीमंतांनी कागद दोन वेळ वाचून घेतला, हसू आवरले, आणि आज्ञा केली की, "खोटी शपथ घेतली असती तर हात आम्ही मोडिला असता. खरे बोलिला, सबब आपणच मोडून घेतला तेवढा पुरे. चाकरी बहाल. विम्यातून नाव कमी करावे, हाताचा आणि दातांचा दमडा देऊ नये. प्रथम बैठक भिवजीची कायम. सुभानजींनी शेजारी बसून सूर धरावा." ही आज्ञा घेऊन सुभानजी घरी आले आणि तीन दिवस भिंतीकडे तोंड करून निजले. सूर धरावयासही दात लागतात, हे कोणी श्रीमंतांस सांगितले नव्हते.

चवथे दिवशी चिमाबाईने आपल्या हातांतील दोन्ही पाटल्या काढिल्या आणि कोणास न पुसता गोपाळभटांकडे नेल्या. एक पाटली मोडून दातांचे मोल दिले. दुसरीचे सोने वितळवून त्याचीच तार ओढविली, तिने सहा दात बांधविले, आणि उरले सोने पदरात बांधून घरी आणिले. दात बसवून नवरा उंबऱ्यात आला, तेव्हा त्यास आरसा न देता समोर बसविले आणि बोलिली, "आता तुमच्या तोंडात माझी पाटली आहे. त्या तोंडाने माझ्या बहिणीच्या नवऱ्याची निंदा केलीत, तर मी दात मागून घेईन. हसण्यावारी नेऊ नका." सुभानजी म्हणाले, "मनात आले तर?" चिमाबाई बोलिली, "मनाला मी सोने घातलेले नाही. तेथे काय वाटेल ते करा."

पुढे हात जुळला. शके सतराशे तेरा, विरोधकृत्‌नाम संवत्सर, गुढीपाडव्याचे सकाळी महाद्वाराखाली सारे नगर लोटले होते. भिवजी प्रथम बैठकीवर, शेजारी सुभानजी सूर धरून. भिवजीने भैरव उचलिला आणि ऐसा उचलिला की सुभानजींच्या मनात जुना विस्तव पुन्हा धगधगू लागला. सूर धरिला असता तोंड बंद, त्यामुळे निंदेचा संभव नव्हता. मग भिवजी वरच्या षड्जावर चढला, आणि त्याच क्षणी त्याच्या दाताची तार ढिली होऊन सूर चिरला. नगारजीने मान वर केली. खाली कोणास अजून कळले नव्हते. एक श्वास आणखी जाता तर कळले असते. सुभानजींनी सूर सोडिला आणि तो षड्ज उचलिला, जेथे चिरला तेथूनच, आणि भरून काढिला. भिवजी शहाणा, त्याने तत्क्षणी खालचा सूर धरिला, कारण त्यास टेका कमी लागतो. नगाऱ्याच्या घुमीत बैठक बदलली आणि खाली उभ्या लोकांस वाटले की भिवजीच वाजवितो. लोक म्हणाले, "वाहवा भिवजी!" सुभानजींनी ती वाहवा ऐकिली आणि भैरव शेवटास नेला.

चौघडा थांबल्यावर भिवजी पाया पडला आणि डोळ्यांत पाणी आणून पुसू लागला, "दादा, आज माझी फजिती होऊ द्यावयाची होती. आपण का सांभाळिलेत?"

सुभानजींनी सनई पुसून गवसणीत घातली आणि बोलिले, "तुझा सूर फुटला तेव्हा मला आधी आनंदच जाहला. खोटे का बोलू? मग कानांस सोसवेना."

येणेप्रमाणे हकीकत. सुभानजी त्याउपरी नऊ वर्षे चाकरीत होते, दुसऱ्याच बैठकीवर बसले, आणि साडूची निंदा त्यांच्या तोंडून कोणी ऐकिली नाही. मत्सर गेला ऐसे लिहिता येत नाही. तो होता आणि वृद्धही जाहला. देहविम्याच्या वहीत झीज आणि मोड हा भेद आजतागायत तैसाच आहे. लेखनसीमा.