चादरीतला टीव्ही

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. हे मीच सांगतोय, कारण आमच्या घरात दुसरं कुणी सांगत नाही! ऑफिसात कुणाच्या डब्यात काय आलंय ते मी झाकण उघडायच्या आधी ओळखतो. कोण उद्या रजा टाकणार ते त्याच्या आजच्या खोकल्यावरून सांगतो. त्यामुळे सगळं लातूर ज्या खुनाच्या मागं लागलं होतं, त्याचा छडा मीच लावणार याबद्दल मला तरी शंका नव्हती.

घाबरू नका, खून टीव्हीवरचा होता. 'अकरावी, तुकडी क' नावाची मालिका. डोंगरावर धुक्यात एक निवासी शाळा, तिथल्या प्रयोगशाळेत अनाया नावाची पोरगी मेलेली सापडते, आणि तिच्या वर्गातली पोरं खुनी शोधत हिंडतात. रोज संध्याकाळी सातला.

अडचण एकच होती. आमच्या घरातला टीव्ही बंद होता, आणि तो मीच बंद केला होता!

लातूरबाहेरच्या मंडळींना हे जरा समजावून सांगतो. आमच्याकडे पोर बारावीला गेलं, की अख्खं घर बारावीला बसतं. पाहुणे बंद, बारशी बंद, कुकरची शिट्टीसुद्धा पोराला विचारून. आमची सृष्टी नीटची तयारी करतेय. तिचा क्लास सुरू झाला त्या दिवशी मी केबल तोडली, टेबलावरचा टीव्ही सोलापुरी चादरीत गुंडाळला, वरून सुतळी आवळली आणि सगळ्यांसमोर गाठ मारली. "ही गाठ आता मेडिकलला ॲडमिशन मिळाल्यावरच सुटेल!" असं छोटंसं भाषणही केलं. बायकोनं, म्हणजे महादेवीनं, चादरीला कुंकवाचं बोट लावलं. तेव्हापासून रोज ऑफिसला निघताना मी त्या गाठीकडं एकदा बघायचो आणि मगच चपला घालायचो.

इकडं ऑफिसात मात्र त्या अनायानं काम करणं अवघड केलं होतं.

"सर, तुम्ही बघून नाही राहिले?" शेजारच्या टेबलावरच्या नागसेननं विचारलं. नागसेन किनवटचा. लहानपणी निवासी शाळेच्या होस्टेलात राहिलेला, त्यामुळे या मालिकेतला तो आमचा अधिकृत तज्ज्ञ. "होस्टेलात सगळ्या चाव्या कुणाकडं असतात? स्वयंपाकीणबाईकडं! खून तिनंच केला, सर. सांगून ठेवून राहिलो!"

"काय तरी बघता!" मी म्हणालो. "अकरावीची पोरं आणि दिवसभर खुनी शोधत फिरतात? क्लास नाही? टेस्ट सिरीज नाही? एवढे भाग झाले, एकाची आई डबा घेऊन आली का? आपल्याकडं आया खोल्या करून राहतात पोरांसाठी! लातूरच्या पोराला खून करायचाच असता ना, तरी तो म्हणाला असता, परीक्षेनंतर करू, आता रिव्हिजन चालू आहे!"

सगळे हसले. मला बरं वाटलं. मग विचार केला, नावं ठेवायची तर निदान बघून ठेवावीत. या शुद्ध हेतूनं मी एक भाग मोबाइलवर बघितला. दुसऱ्या दिवशी हेतू आणखी शुद्ध व्हावा म्हणून दुसरा बघितला. तिसऱ्या दिवशी हेतू संपला आणि मालिका तेवढी उरली.

माझा सिद्धांत तयार झाला होता. खुनी फिजिक्सचे सर! कारण साधं होतं. हा माणूस पहिल्या भागापासून फळ्यावर एकच धडा शिकवत होता. ज्याचा सिलॅबस पुढं सरकत नाही, त्याचं मन दुसरीकडं आहे हे लातूरमधलं शेंबडं पोरगंही सांगेल.

पण बघायचं कुठं? घरी आल्यावर मोबाइल फळीवर ठेवायचे, हा नियमही माझाच. राहता राहिलं न्हाणीघर. सात वाजले, की मी मोबाइल बनियनमध्ये लपवून आत जायचो आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडायचो. पहिल्याच दिवशी महादेवी दारावर थापा मारायला लागली. "अहो! नळ! टाकी रिकामी करता का काय?"

लातूरमध्ये माणूस एक वेळ खून पचवेल, पण वाहता नळ नाही! मग मी युक्ती काढली. बादलीतलं पाणी मगानं दुसऱ्या बादलीत ओतायचं आणि त्या बादलीतलं परत पहिलीत. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात मग. अर्धा तास तेच पाणी! बायको तक्रार करायची बंद झाली, कारण तीही सातला घरात नसायची. शेजारच्या शीलाकडं बायकांचं भजन सुरू झालं होतं. रोज जायची आणि कधी कधी डोळे लाल करून यायची. भक्ती वाढलीय, असा मी निष्कर्ष काढला.

एकदा मात्र प्रयोगशाळेच्या फरशीखाली सगळं लालच लाल दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा! रक्त? एवढं रक्त कुठून आलं?"

"पप्पा!" बाहेरून सृष्टीचा आवाज. "काय झालं?"

"काही नाही! पोट जरा बिघडलंय! तू अभ्यास कर!"

ती गेली. मी फिजिक्सच्या सरांकडं परत लक्ष दिलं.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. सृष्टी माझ्या ताटात मऊ भात वाढायला लागली. न मागता ताक आणून द्यायला लागली. एकदा पायाशी बसून म्हणाली, "पप्पा, मी डॉक्टर होईपर्यंत तब्येत सांभाळा हं." मी म्हणालो, "हो हो, सांभाळतो." आणि त्याच आठवड्यात क्लासमधून मेसेज आला, की सृष्टीचे टेस्टमधले मार्क एकदम खाली आलेत.

तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. पहाटे उठून, डोक्याला तेल थापून पुस्तकात बसणारी माझी पोरगी. तिनं डॉक्टर व्हायचं म्हणून आम्ही सगळी हौस बाजूला ठेवली, म्हणजे निदान दारापलीकडं तरी ठेवली. असं काय झालं असेल? मी बारकाईनं विचार केला आणि ताडलं, की मार्क कमी पडलेत म्हणून पोरगी ताक पाजून बापाला खूश करतेय. कोडं सुटल्याच्या आनंदात मी सातला आत गेलो.

शनिवार उजाडला. शेवटचा भाग! मी दुपारीच बादल्या भरून ठेवल्या. साडेसहा वाजले, महादेवी भजनाला निघायला चपला शोधत होती, मी मोबाइल बनियनमध्ये सरकवत होतो आणि दारात जीप थांबली. जीपमधून माझे सासरे सिद्रामप्पा उतरले. थेट चाकूरहून! सोबत आमच्या घरची पूजाअर्चा करणारे मठपती शिवप्पा, हातात विभूतीची पुडी. बारावीच्या घरात पाहुणे? माझ्या अंगावर काटा आला.

सिद्रामप्पांनी मला खुर्चीत बसवलं आणि समोर बसून माझा हात हातात घेतला. आतल्या दाराला टेकून सृष्टी उभी होती. तिचे डोळे भरलेले.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "आता लपवू नका. पोरीनं फोनवर सगळं सांगितलंय मला."

संपलं! पोरीनं बापाला पकडलं होतं. मी मान खाली घातली.

"कधीपासून चालू हाय हे?"

"पोळ्यापासून, मामा."

"आन येवढे दिस एकटेच सोसायलाव?"

"न्हाणीघरात. दार लावून. घरात हिचा अभ्यास असतो ना."

"महादेवीला ठावं हाय?"

"नाही! तिला सांगू नका. तिला सहन व्हायचं नाही!"

महादेवीच्या हातातली चप्पल गळून पडली. "अहो, काय सहन व्हायचं नाही?"

सासऱ्यांनी तिला हातानंच थांबवलं. "डागदर काय म्हणायलेत?"

आता मालिकेत एक डॉक्टरही होता. "डॉक्टरचा काही उपयोग नाही," मी म्हणालो. "ते मागच्याच आठवड्यात कळलं."

"डागदरनं हात टेकले म्हणा की!" सासरे शिवप्पांकडं बघून पुटपुटले. मग घसा खाकरून म्हणाले, "किती दिस हायेत म्हणं?"

"दिवस कुठले, मामा? आज शेवट. सात वाजता."

महादेवीनं जमिनीवर बसकण मारली. शिवप्पांनी पुडी फाडून चिमूटभर नव्हे, मूठभर विभूती माझ्या कपाळावर थापली. सासऱ्यांनी आ वासला. "सात वाजता? येळबी सांगितली?"

"आठवडाभर तेच सांगतायत. पण मध्ये जाहिराती असतात, त्यामुळे साडेसातपर्यंत चालेल."

तेवढ्यात सृष्टी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "पप्पा, रक्त पडत होतं तर आधी का नाही सांगितलं? मी पेपरात तुमचाच विचार करत बसले! मला एकही प्रश्न सुटला नाही!"

आणि ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही, त्या माणसाला आता कुठं सगळं कळलं!

खरं सांगतो, एक क्षण वाटलं, गप्प बसावं. दोन दिवस आजारी राहावं, सोमवारी शिवप्पांच्या विभूतीनं बरं व्हावं, सगळ्यांचीच अब्रू राहील. पण पोरगी हमसून हमसून रडत होती, तिचं नाक माझ्या खांद्यावर पुसलं जात होतं आणि तिचे गेलेले मार्क माझे होते. मी बनियनमधून मोबाइल काढला आणि सगळं सांगून टाकलं. बादल्यांसकट.

शिवप्पांनी पुडीचं तोंड परत दुमडलं.

"म्हंजे," सासऱ्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला काईच झालं न्हाई?"

"नाही, मामा."

चाकूरहून जीप करून आलेला माणूस. त्यांच्या आवाजात मला थोडी निराशा जाणवली. पण लगेच त्यांचे डोळे चमकले. "'अकरावी क' व्हय? आरं, खून त्या वॉर्डननं केलाय! म्या पैल्या दिसापासून सांगायलोय! सोडा ती चादर! मोबाइल जोडा टीव्हीला! सात वाजायलेत!"

"नको!" महादेवी चादरीसमोर हात पसरून उभी राहिली. "चादर सोडायची नाही! पोरीचा अभ्यास आहे!"

मला भरून आलं. काय ही आई! बाप घसरला, पण आई हलली नाही.

"सोड गं आई, आजच्या दिवस," सृष्टी डोळे पुसत म्हणाली. "पप्पा ठीक आहेत ना, बस झालं."

मी पुढं झालो. माझी गाठ, माझ्याच हातानं. आश्चर्य म्हणजे एक टोक ओढलं आणि ती सर्रकन सुटली. चादर खाली पडली.

आत कॅरम बोर्ड होता!

माळ्यावर टाकलेला सृष्टीचा जुना कॅरम बोर्ड. टेबलावर भिंतीला टेकवून उभा. त्याला रोज बघून, समाधान मानून, मी चपला घालत होतो.

"महादेवी," मी म्हणालो, "टीव्ही कुठाय?"

"शीलाकडं," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "दसऱ्यात तिचा बिघडला. सगळ्या बायांचा खोळंबा व्हायला लागला."

"आणि भजन?"

"जाहिराती लागल्या की म्हणतो की दोन!"

शिवप्पांनी पुडीत उरलेली विभूती झटकून माझ्या कपाळाला लावली. यावेळी खरी गरज होती.

सात वाजायला आले होते. सगळे शीलाकडं पळाले. सासरे पुढं, शिवप्पा त्यांच्या मागं, महादेवी अनवाणी. मी सृष्टीला म्हणालो, "चल, तूही चल. आता काय लपवायचं?"

"नाही पप्पा, उद्या टेस्ट आहे," ती पुस्तक उघडत म्हणाली. "मी परीक्षेनंतर सगळी एकदम बघणार. फक्त एक करा. खुनी कोण ते मला परीक्षेपर्यंत सांगू नका. घरात त्याचं नावसुद्धा काढू नका."

मी वचन दिलं. त्यानंतरच्या टेस्टमध्ये तिचे मार्क परत वर आले. खुनी फिजिक्सचे सर निघाले नाहीत, वॉर्डन नाही, स्वयंपाकीणबाईही नाही. कोण निघालं ते माझ्या पोटात आहे. जेवताना ओठांवर येतं, मी पाण्याबरोबर गिळतो. परीक्षा मे महिन्यात आहे. तुम्हाला सांगितलं असतं हो, पण तुमचं पोर आमच्या सृष्टीच्याच क्लासला असलं तर? महादेवी आता सकाळ-संध्याकाळ मला मऊ भात आणि ताक देते. पोट खरंच बिघडलंय.