वरीलप्रमाणे

“एकदा लिहिलं की लिहिलं. मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी त्याला खोडता येणार नाही,” काटेकोररावांनी जाहीर केलं आणि ते खुर्चीत असे मागे रेलले, की जणू ब्रह्मदेव बाहेरच्या बाकावर ताटकळत बसला होता.

मोजणी कार्यालयातल्या या हेडक्लार्कना हे नाव टायपिस्टबाईंनी बहाल केलं होतं आणि आता साहेबही त्यांना तशीच हाक मारत. काटेकोररावांचं खरं दुखणं होतं रजेचा फॉर्म. कॉम्प्युटरवरचा हा फॉर्म सगळ्या ऑफिसात मिळून एकच, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. सलग तीन वर्षं त्यांनी आपल्या तारखा भरल्या आणि तिन्ही वेळा नकाशा विभागातल्या दादांनी त्या हळूच खोडून आपल्या टाकल्या. बायकोला समुद्र दाखवायचं वचन तेवढं दरवर्षी पुढं सरकत राहिलं. यंदा ती फक्त म्हणाली होती, “बघा, जमतंय का.” त्यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं.

म्हणून आठ दिवस डोकेफोड करून त्यांनी मॅक्रो लिहिला. म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच पढवून ठेवायचं, की माणूस चौकट भरून पुढच्या चौकटीत गेला रे गेला, मागच्या चौकटीला कुलूप घाल.

“आणि किल्ली कुणाकडे?” टायपिस्टबाईंनी विचारलं.

“पासवर्ड मी डोळे मिटून बडवलाय. मलाच ठाऊक नाही. उगाच कुणी चहा पाजून काढून घ्यायला नको.”

हे बोलताना ते दादांकडेच बघत होते. दादा छताकडे बघत होते.

मग प्रात्यक्षिक झालं. पहिल्या ओळीत काटेकोररावांनी आपलं नाव टाकलं. तारखा, पुढच्या महिन्याची एक ते सात. कारण, ‘पत्नीस दिलेले वचन’. टायपिस्टबाईंना अगदी गहिवरून आलं. शेवटची चौकट होती ‘रजेच्या काळात काम कोण पाहणार’. तिथं ते सूड म्हणून दादांचं नाव घालणार होते. तेवढ्यात दादाच म्हणाले, “पण एवढं लचांड तुम्ही करून ठेवलंय, उद्या काही बिनसलं तर निस्तरणार कोण?”

“मीच, आणखी कोण?” काटेकोरराव मान वळवून कडाडले. बोलता बोलता टाइप करायची त्यांना जुनी खोड. तोंड दादांशी भांडत होतं, बोटं कीबोर्डवर चालत होती, आणि त्याच झटक्यात पुढच्या चौकटीत नेणारा टॅबही दाबला गेला.

“हां, आता तुम्ही भरा,” म्हणून ते विजयी मुद्रेनं हात धुवायला गेले.

आता मोजणी कार्यालयाची एक रीत सांगायला हवी. तिथल्या रजिस्टरात एकाखाली एक शंभर जमिनी, गाव तेच, रस्ता तोच. त्यामुळं दुसऱ्या ओळीपासून ‘वरीलप्रमाणे’ लिहायचं हे सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. प्रत्येकानं आपलं नाव तेवढं घातलं आणि बाकीच्या चौकटींत ‘वरीलप्रमाणे’ ठोकून दिलं. खरं काय ते सवडीनं भरू, म्हणून. कुलूप लागतं हे आत्ताच ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि सवय वेगळी. चार वाजता फॉर्म नेहमीसारखा आपोआप मुख्य कार्यालयात गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काटेकोररावांना आत बोलावलं.

“एक ते सात आपली अकराच्या अकरा माणसं रजेवर आहेत. काल संध्याकाळीच वरून मंजूर होऊन आलंय. कारण, पत्नीस दिलेले वचन.” साहेबांनी चष्मा काढला. “टायपिस्टबाईंनीसुद्धा पत्नीला वचन दिलंय. मीही दिलंय. माझी बायको सकाळपासून विचारतेय, कुठलं वचन.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत काटेकोरराव डोळे मिटून कीबोर्ड बडवत होते. दादा चहाचा कप घेऊन शेजारी उभे राहिले, पण आता चहा पाजूनही काही निघण्यासारखं नव्हतं.

“नाही उघडत, साहेब,” शेवटी काटेकोरराव आत जाऊन म्हणाले.

“ब्रह्मदेवाला?”

“त्यालाही नाही.”

“मग ऑफिस उघडं कोण ठेवणार, या विचारानं मला रात्रभर झोप नाही. पण मघाशी शेवटची चौकट वाचली आणि जीव भांड्यात पडला.” साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘मीच, आणखी कोण’. त्याखाली दहा वेळा ‘वरीलप्रमाणे’.

संध्याकाळी काटेकोररावांनी बायकोला सगळं सांगितलं, एकही चौकट न गाळता. तिनं शांतपणे ऐकलं, कपाटाच्या दारावर चिकटवलेली प्रवासाची यादी काढली आणि टेबलावर ठेवली. वर तिचं आणि तिच्या बहिणीचं नाव होतं, ठसठशीत पेनानं. खाली यांचं.

“रागावलीस?”

“छे हो,” ड्रॉवरातलं खोडरबर शोधत ती म्हणाली. “तुमचं नाव मी दरवर्षी पेन्सिलीनंच लिहिते.”