शेवटचा शब्द अंबादासकाकांचा

उन्हाळ्यात कुठल्याशा व्हायरसने अभिषेकांच्या सगळ्या नोंदी गिळल्या, तेव्हापासून तुळजापूरचे पुजारी अंबादासकाका यांचा इंटरनेटवरचा विश्वास उडाला होता. पुतण्या अनिरुद्ध पुण्याची नोकरी सोडून घरी आला होता आणि त्याला मनापासून इथेच राहायचे होते. काकांनी अट घातली, "नवरात्राच्या अभिषेकांचं बुकिंग नेटवर बिनघोर चालू करून दाखव. न्हाय तर पुणं गाठ."

अनिरुद्धने अडगळीतला संगणक फायरवॉल म्हणून, म्हणजे इंटरनेटच्या दारावर राखणीला, बसवायचे ठरवले. त्यावर घालायच्या प्रणाली फुकट मिळत होत्या. प्रश्न होता तो निवडीचा.

"लिनक्समधे कुणाला सोडायचं याचे नियम वरून खाली वाचतात. पहिला लागू पडला की तिथंच निकाल," त्याने सांगितले. "ओपनबीएसडी म्हणून दुसरी प्रणाली आहे, तिच्या पीएफ फायरवॉलमधे सगळे वाचतात, अन् शेवटी लागू पडंल तो खरा."

"म्हंजे आपल्या घरासारखं. हेच बसव," काका म्हणाले.

त्या घरात बैठकीला धाकटे आधी बोलत, काका सर्वांत शेवटी, आणि त्यानंतर कुणीच बोलत नसे. नियमही त्याच क्रमाने लागले. अनिरुद्धचा नियम बुकिंग आत घेण्याचा, चंद्रप्रभाकाकूंचा नातीशी व्हिडिओवर बोलण्याचा. शेवटी काका म्हणाले, "कुणालाच आत-बाहेर सोडायचं न्हाय."

"काका, हा नियम सगळ्यात आधी पाहिजे. मग एकेकाला सोडायचं."

"मी कधी आधी बोललोय का?"

बुकिंगच्या दिवशी सकाळी काकांचा शेवटचा नियमच खरा ठरला आणि चिटपाखरूही आत आले नाही. सोलापूरचे जुने यजमान फोनवर खवळले, "दुसरीकडं करतो मग!" नात इराही व्हिडिओवर दिसेना.

"काका, बदलू का तुमचा नियम?"

"शब्द फिरवायला मी काय पुढारी हाय?"

पुण्याहून आणलेली बॅग माडीवर अजून भरलेलीच होती; ती परत उचलावी लागणार, असे अनिरुद्धला दिसू लागले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांच्यापर्यंत जायच्या आधीच निकाल लागंल, असं काही न्हाय का रे त्यात?"

"आहे ना. नियमात 'क्विक' हा शब्द घातला की तिथंच थांबतं. खालचं वाचतच नाही."

"मग आपल्या दोघांच्या नियमात घाल. ह्यांच्या ओळीला हात लावू नको."

"काकांना कळलं तर?"

"लग्न झाल्यापासून कळलं न्हाय. आता काय कळतंय."

बुकिंग धो धो सुरू झाले. काकांनी पडद्यावर आपली ओळ शेवटी, जशीच्या तशी पाहिली आणि मान डोलावली. "कडक नियम असला की बघ कसं सुरळीत चालतं."

संध्याकाळच्या बैठकीत सगळे बोलून झाल्यावर काकांनी घसा खाकरला. "अनिरुद्ध इथंच राहील. हा माझा शेवटचा शब्द."

अनिरुद्ध माडीवर गेला. तिथे काकूंनी त्याची बॅग सकाळीच रिकामी करून कपडे कपाटात लावून ठेवले होते.