मोहमुक्त मंडळाचं कलम सात

एका जंगलात मोहाची झाडं जरा जास्तच होती. नक्की किती, ते विचारू नका. मोजायला जो जो गेला तो तो तिथेच आडवा झाला, त्यामुळे आकडा काही हाती लागला नाही.

मुलांनो, मोहाचं फूल दिसायला अगदी गरीब. पिवळट, गुबगुबीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ते पहाटे झाडावरून पडतं, उन्हात आंबतं, आणि आंबलेलं फूल खाल्लं की सशालाही आपण सिंह आहोत असं वाटतं. सिंहाने खाल्लं तर त्याला काय वाटतं? एकदा त्याला आपण माकड आहोत असं वाटलं होतं. दोन दिवस झाडावर होता बिचारा. उतरवताना सगळ्यांचा घाम निघाला. हसू नका, पुढे ऐका.

या जंगलात झिपरोजी नावाचं अस्वल राहायचं. मधाचं पोळं हुडकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मोहाचा हंगाम आला की झिपरोजी वाटेवर उताणा पडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाणी म्हणून दाखवायचा. शेवटी त्याची बायको तोलाबाई दोन्ही पिल्लं घेऊन पलीकडच्या डोंगरावर माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, “एक हंगाम कोरडा काढून दाखवा. मग मी येते. नाही जमलं, तर पिल्लांना मामाचं आडनाव लावते.”

झिपरोजीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तो त्याच दिवशी मोहमुक्त मंडळात गेला.

हे मंडळ म्हणजे काय, तर मोहापायी वाटोळं झालेले सात-आठ प्राणी रोज संध्याकाळी आंजनाच्या झाडाखाली बसायचे. एकेक जण उठून म्हणायचा, “मी आज खाल्लं नाही.” बाकीचे म्हणायचे, “वा!” झाली सभा. ना अध्यक्ष, ना वर्गणी. पण एक रीत मात्र होती, हाकेची. कुणाची जीभ चुळबुळायला लागली की त्याने आहे तिथून ओरडायचं, “कुणी आहे का?” जो जवळ असेल त्याने हातातलं काम टाकून यायचं आणि शेजारी बसून राहायचं. बोलायचंसुद्धा नाही. तलफ गेली की ज्याने त्याने आपापल्या वाटेने जायचं.

झिपरोजी आल्यापासून आठ महिने मंडळ यावर झकास चाललं. त्या आठ महिन्यांत जंगलात मोहाचं एक फूलही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग फाल्गुन लागला. झाडं फुलली. आणि एका संध्याकाळी उड्यानाना वानर आपला अनुभव सांगायला उभे राहिले.

“काय सांगू मंडळी,” नाना म्हणाले, “गेल्या वर्षी काय फूल होतं! ढिगाच्या तळाशी असतं ना, जरासं काळपट पडलेलं? बोटाने दाबलं की रस असा मनगटापर्यंत…”

तीन सभासद उठले आणि मोहाच्या दिशेने चालू लागले. नानांना वाटलं, यांना परत आणावं. म्हणून तेही गेले. चौघे दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

झालं! टोकेकर साळिंदर ताडकन उभे राहिले. टोकेकर मंडळातले सगळ्यांत जुने. तीन वर्षं त्यांनी फुलाला स्पर्श केला नव्हता. त्यांच्याकडे बघून बाकीचे म्हणायचे, टोकेकरांचं काय बाबा, ते सुटले!

“नुसत्या भावनेवर मंडळ चालत नाही,” टोकेकर म्हणाले. “धोरण पाहिजे. कार्यपद्धती पाहिजे!” आणि त्यांनी स्वतःच्याच पाठीवरचं एक पीस उपटलं, सागाचं पान पुढे ओढलं आणि आपणच चिटणीस होऊन लिहायला बसले.

पहिलं कलम अनुभवकथनाचं. फुलाचं नाव, रंग, वास, चव यांचा उल्लेख करायचा नाही. ‘ती वस्तू’ म्हणायचं. नाना दुसऱ्या दिवशी उभे राहिले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, “मी त्या वस्तूजवळ गेलो. त्या वस्तूने मला कुठलं ठेवलं नाही. आता त्या वस्तूचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो.” नवीन सभासदांना वाटलं, लग्नाबद्दल बोलतायत.

पुढचं कलम गुप्ततेचं. कोण सभासद आहे हे कुणाला कळता कामा नये, म्हणून प्रत्येकाने तोंडासमोर पळसाचं पान धरायचं. थोराबाई हत्तिणीने एक पान डोळ्यासमोर धरलं आणि ऐटीत विचारलं, “ओळखा पाहू मी कोण?”

“नाही ओळखलं हो, थोराबाई!” सगळे एका सुरात ओरडले.

मग गणपूर्तीचा प्रश्न निघाला. पिंगळेकाका घुबड सभेत कायम झोपलेले असत. झोपलेला सभासद हजर धरायचा की गैरहजर? यावर उपसमिती नेमली. अध्यक्ष पिंगळेकाकाच झाले, कारण हरकत न घेणारे ते एकटेच होते.

इथवर झिपरोजीला मजाच वाटत होती. पोट धरधरून हसायचा. पण मग आलं कलम सात, आणि त्याचं हसू मावळलं. कलम सात हाकेचं होतं.

हाक यापुढे तोंडी चालणार नाही. अर्ज करायचा, दोन प्रतींत. तलफ सौम्य, मध्यम की तीव्र ते लिहायचं. कारण द्यायचं. मग ज्या स्वयंसेवकाचा वार असेल तो येईल आणि अर्जदारापासून दोन शेपट्यांच्या अंतरावर बसेल.

चैत्रातल्या एका सकाळी वारा फिरला. मोहाचा वास थेट झिपरोजीच्या गुहेत शिरला आणि त्याचे पाय आपसूक चालायला लागले. त्याला पिल्लं आठवली. तो जीव तोडून ओरडला, “कुणी आहे का?”

“आहे की!” नाना फांदीवरून म्हणाले. “अर्ज आणलास का?”

“नाना, अहो मी चाललोय तिकडे!”

“मला दिसतंय रे. पण मी नुसता आलो तर तो नियमभंग होतो. गेल्या वेळचं माझं प्रकरण अजून मिटलेलं नाही.”

झिपरोजी थोराबाईकडे धावला. थोराबाई कळवळली. “राजा, माझा बुधवार असतो रे! आज कुठला वार?”

“सोमवार!”

“बघ ना! दोनच दिवस काढ कसेतरी.”

झिपरोजीचं डोकं सणकलं. हे असलं मंडळ? यांच्या जिवावर मी बायकोला शब्द दिला? खड्ड्यात गेला हंगाम, मी चाललो खायला! चार पावलं तो मोहाकडे गेलाही. मग थबकला. फुलं काय, दुपारीही मिळतील, आणि जास्त आंबलेली मिळतील. आधी त्या टोकेकराला चार शब्द सुनावून येऊ.

टोकेकर आंजनाखाली लिहीतच होते.

“टोकेकर!” झिपरोजी गरजला. “तुमचं कलम सात घाला चुलीत!”

“तोंडी सूचना घेत नाही,” टोकेकर मान वर न करता म्हणाले. “बसा. अर्ज भरू. तलफ केव्हापासून?”

“जन्मापासून!”

“तीव्र,” टोकेकरांनी लिहिलं. “कारण?”

“वारा!”

“वारा यादीत नाही. दुःख, आनंद, सासुरवाडी आणि इतर एवढंच आहे.”

“मग इतर लिहा!”

“इतर लिहिलं तर खुलासा जोडावा लागतो.”

झिपरोजीने कपाळावर हात मारून घेतला. “आणि हे दोन शेपट्यांचं अंतर काय आहे? शेपट्या कुणाच्या? अस्वलाला शेपूट असून नसल्यासारखी! माझ्या मापाने तो स्वयंसेवक माझ्या मांडीत बसेल!”

टोकेकर चपापले. हा मुद्दा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. “स्वयंसेवकाची शेपूट धरू,” ते म्हणाले.

“आणि नाना आले तर? त्यांची शेपूट केवढी! ते बसतील ओढ्यापलीकडे, तिथून मला काय धीर देणार?”

“मग सरासरी काढू.”

“हत्तिणीची धरून का सोडून?”

असे ते जुंपले, की सांगता सोय नाही. सूर्य डोक्यावर आला, मग कलला. पानांमागून पानं लिहिली गेली आणि खोडली गेली. झिपरोजी उपकलम क वर तावातावाने बोलत होता आणि बोलता बोलता एकदम गप्प झाला. त्याने नाक वर करून हवा हुंगली. वास येत होता. नुसता वास. जीभ अगदी शहाण्यासारखी तोंडात पडून होती.

“अहो टोकेकर, गेली की!” तो आनंदाने उडालाच. “तलफ गेली! अर्ज मागे घेतो मी!” आणि नाचत निघाला.

“थांबा ना,” टोकेकर म्हणाले. “उपकलम ड राहिलंय.”

“ते उद्या बघू!”

“बसा हो जरा.”

त्यांचा तो अजिजीचा आवाज ऐकून झिपरोजीने मागे वळून पाहिलं. टोकेकरांच्या पाठीची एक बाजू पिसं उपटून उपटून पार बोडकी झाली होती. आणि दिवसभरात एकदाही त्यांनी मोहाच्या दिशेला तोंड केलं नव्हतं.

“टोकेकर,” झिपरोजीने हळूच विचारलं, “तुम्ही सकाळपासून इथे का बसलाय?”

“चिटणीसाने बसायचं असतं.”

“कुठल्या कलमात आहे ते?”

टोकेकरांनी पानं चाळल्यासारखं केलं. मग पान खाली ठेवलं. “कलमात नाही,” ते म्हणाले. “झिपरोजी, मला तीन वर्षं झाली. सगळे म्हणतात, टोकेकर सुटले. आता सुटलेल्याने हाक कुणाला मारायची? लाज वाटते हो. हंगाम आला की मी काहीतरी लिहायला घेतो. हात गुंतलेला असला की पाय जात नाहीत तिकडे.”

झिपरोजीला भडभडून आलं. एवढा मोठा साळिंदर, आणि सकाळपासून आपल्याइतकाच तळमळत होता! तो परत आला, टोकेकरांच्या बोडक्या बाजूला अगदी खेटून बसला आणि दोन्ही पंजे जमिनीवर आपटून ओरडला, “उपकलम ड मला मुळीच मान्य नाही!”

“का मान्य नाही?” टोकेकर खडबडून सरसावले. त्यांच्या चेहऱ्यावर काय तेज आलं म्हणता!

त्या दिवसापासून झिपरोजी रोज सकाळी नवी हरकत घेऊन हजर. त्याची गंमत बघायला नाना आले, आणि शेपटीची सरासरी ऐकून भडकले. थोराबाईला पळसाचं पान दोन आकारांत हवं होतं. पिंगळेकाका झोपेतच विरोधी मत देऊन मोकळे झाले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आंजनाखाली नुसता कल्ला! मोहाकडे फिरकायला सवड होती कुणाला? फुलं पडली, आंबली, वाळली, मुंग्यांनी नेली.

वैशाखात एके दिवशी तोलाबाई दोन्ही पिल्लांना घेऊन डोंगर उतरून आली. नवरा शुद्धीत होता. उभा होता. घसा बसेपर्यंत भांडत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“चला घरी,” ती म्हणाली.

“येतो, येतो. हे एवढं कलम…”

“बाई,” टोकेकरांनी हटकलं, “आपण सभासद नाही. सभेत बोलता येणार नाही.”

तोलाबाईने पिल्लं खाली ठेवली. पदर खोचला.

“हा कुठला नियम?” ती म्हणाली. “मला नाही मान्य!” आणि ती ऐसपैस मांडी घालून बसली.

तात्पर्य : बालमित्रांनो, मोठेपणी मंडळ काढाल तेव्हा नियम अगदी भयंकर करा. चांगले नियम वाचून सभासद मान डोलावतात आणि आपापल्या घरी जातात. मग शेजारी बसायला कुणी उरत नाही.