सदिच्छेचा खांब

जर्मन भाषा माझ्या हातचा मळ! निदान एकोणीसशे अठ्ठावन्नच्या एप्रिलपर्यंत माझं असं ठाम मत होतं. डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात मी डॉक्टरेट करत होतो, घरमालकिणीशी कोळशावरून हुज्जत घालत होतो, आणि समोरच्याचं बोलणं समजलं नाही की मान डोलावून 'जा, जा, गेनाऊ' म्हणत होतो. 'हो, हो, अगदी बरोबर' एवढ्या भांडवलावर माणूस जर्मनीत सुखानं दिवस काढू शकतो.

त्यामुळे भारतातून मल्लखांबाचं पथक सदिच्छा दौऱ्यावर येतंय आणि त्यांना दुभाषा हवाय असं कळल्यावर मी माझं नाव मीच सुचवलं. गावोगावी प्रयोग करायचे, जर्मनांना आपली कसरत दाखवायची, दोन देशांचा स्नेह वाढवायचा, असा तो थोर बेत होता. माझा बेत त्याहून थोर होता. पथकाचे वस्ताद दत्तात्रयराव हे वसुधाचे वडील. वसुधा मला पसंत होती, मी वसुधाला पसंत होतो, आमच्या आयांनी तर साड्यांपर्यंत मजल मारली होती. फक्त दत्तात्रयरावांनी होकार राखून ठेवला होता. "जर्मनीत जातोच आहे," ते घरी म्हणाले होते, "मुलगा तिथं कसा वागतो ते डोळ्यांनी बघतो, मग बोलतो."

आता माणूस कसा वागतो हे बघायला दुभाष्याइतकी उत्तम जागा कुठली? बोलायचं मी आणि ऐकायचं त्यांनी. मी तर मनातल्या मनात मुंडावळ्याच बांधून घेतल्या.

पहिला मुक्काम नेकारसुल्मजवळच्या एका द्राक्षमळ्यांच्या गावात होता. गडी आले, मुद्गल आले, एरंडेलाचे डबे आले, शेंदूर आला, नारळही आले. खांब मात्र आला नाही. तो मुंबईच्या धक्क्यावर चुकून दुसऱ्याच जहाजात चढला होता आणि त्या घटकेला बहुधा आफ्रिकेला प्रदक्षिणा घालत होता.

वस्ताद मटकन बाकावर बसले. "मल्लखांबाचं पथक, आणि खांब नाही," ते म्हणाले. "म्हणजे कीर्तन आहे आणि बुवाच नाहीत."

"काका, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी म्हणालो. "जर्मनीत लाकडाला काय तोटा? मी आहे ना!"

पथकाचे यजमान हेर क्नोल गावच्या व्यायाम मंडळाचे अध्यक्ष होते. गोल, गुलाबी आणि कायम घाईत. मी अडचण सांगताच ते म्हणाले, "पुलापलीकडच्या गावात लाकडाची वखार आहे. मागे जुने तारेचे खांब पडलेत. मालक माझ्या ओळखीचा आहे, एक खुशाल उचला." एवढं जर्मन मला खरोखरच समजलं. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

दहा गडी, वस्ताद आणि मी पूल ओलांडून वखारीत गेलो. मालक जेवायला गेलेला. तारेचे जुने खांब पडलेले होते खरे, पण डांबरानं काळेठिक्कर, खिळ्यांनी भरलेले. वस्तादांनी एकाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वसुधासाठी मागणी घालायला चिखलात लोळून आलो होतो.

"ह्याला पोरांनी अंग घासायचं?"

तेवढ्यात पथकातला पट्टीचा गडी भास्कर ओरडला, "वस्ताद, इकडे या!"

शेडच्या कडेला ताडपत्रीखाली एक भलामोठा खांब आडवा ठेवलेला होता. सालं सोललेली, गाठी तासलेल्या, सरळसोट, लोण्यासारखा गुळगुळीत. वस्तादांनी त्यावरून तळवा फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा कुणीतरी मायेनं तासलाय," ते पुटपुटले. मग माझ्याकडे वळले. "हाच न्यायला सांगितलाय ना हो त्यांनी?"

आता विचार करा. होणारे सासरे साश्रू नयनांनी तुमच्याकडे बघतायत. तुम्ही काय म्हणाल?

"हाच," मी म्हणालो. "गेनाऊ."

"मालकाला एकदा विचारायचं का?"

"छे हो काका, सगळं बोलणं झालंय."

गड्यांनी बजरंगबलीचा जयघोष करून खांब खांद्यावर घेतला आणि आम्ही भर दुपारी पुलावरून निघालो. आमच्या गावात शिरताच एक नवलच घडलं. लोक दारांत येऊन टाळ्या वाजवू लागले. बायकांनी खिडक्यांतून रुमाल हलवले. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून खांबाला सलाम केला. भारतीय खेळाविषयी इतका आदर मी पुण्यातसुद्धा पाहिला नव्हता.

हेर क्नोल धावत आले आणि त्यांनी थेट वस्तादांना मिठी मारली. "अविश्वसनीय! आम्हाला आयुष्यात जमलं नाही ते तुम्ही दिवसाढवळ्या केलंत! म्हणजे आमची ही रीत तुम्हाला माहीत होती?"

कुठली रीत, मला पत्ता नव्हता. पण वस्ताद माझ्याकडे कौतुकानं बघत होते. "जा, जा," मी म्हणालो, "नाट्युर्लिश. अर्थातच."

हेर क्नोल आनंदानं दोन उड्या मारून गावच्या गुत्त्याकडे पळाले. "फार प्रेमळ लोक," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी करवत मागवली.

मल्लखांबाला एवढा लांब खांब लागत नाही. वस्तादांनी बुडख्याकडचा हवा तेवढा भाग स्वतःच्या हातानं कापला, रंधा मारून वर निमुळता केला, मंडळाच्या अंगणात पुरला. मग एरंडेल चोळलं. शेंदूर लावला, हार घातला, नारळ फोडला, मारुतीरायाची आरती झाली. उरलेल्या लांब तुकड्यालाही त्यांनी पायापासून शेंड्यापर्यंत एरंडेल चोळून घेतलं. "एका आईची दोन लेकरं," ते म्हणाले, "एकाला न्हाऊमाखू घालायचं आणि दुसऱ्याला कोरडं ठेवायचं, हे बरं नाही."

मी नारळाचा प्रसाद खात उभा होतो तेवढ्यात हेर क्नोल परत आले. आधी त्यांनी भुसा पाहिला. मग करवत पाहिली. मग खांबाचे दोन तुकडे पाहिले. त्यांचा गुलाबी चेहरा दह्यासारखा पांढरा झाला.

"कापला?" ते इतक्या हळू बोलले की मला ओठांवरून वाचावं लागलं. "तुम्ही माइबाउम कापला?"

त्या दिवशी मला जे समजलं ते तुम्हाला थोडक्यात सांगतो. तो खांब पलीकडच्या गावाचा माइबाउम, म्हणजे मे महिन्याचा मेस्तंभ होता. एक मे रोजी गावच्या चौकात उभा करतात, वर हिरव्या पानांचं कडं बांधतात, त्याच्याभोवती नाचतात. शेजारच्या गावाचा तो खांब पळवणं ही इकडची जुनी, मानाची खोडी. ज्यांचा खांब गेला त्यांनी बँड वाजवत यायचं, वाइनचं पिंप आणि डुकराची मांडी भेट द्यायची आणि खांब सोडवून न्यायचा. सगळं हसतखेळत. नियम एकच. खांबाला करवत लावायची नाही. आजवर कुणी लावली नव्हती.

"उद्या ते लोक येणार," हेर क्नोल म्हणाले आणि डोकं धरून पायरीवर बसले. "मी आत्ताच गुत्त्यातून त्यांना फोन करून चिडवलंय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सदिच्छा दौऱ्यावर आलेल्या दूतांनी पहिल्याच मुक्कामात चोरी केली होती आणि चोरीच्या मालावर मारुती बसवला होता. हे वस्तादांना सांगायचं म्हणजे वसुधाला आजन्म विसरायचं.

"काय म्हणतायत?" वस्तादांनी विचारलं.

"म्हणतायत, उद्या पलीकडच्या गावचे पाहुणे येणार आहेत. आपला खांब बघायला."

"वा!" वस्ताद म्हणाले. "भास्कर, लंगोट नवे काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. पुढे बँड, मागे घोडागाडीवर फुलांनी सजवलेलं पिंप, त्यामागे सगळं गाव. वस्ताद फेटा बांधून, हात जोडून स्वागताला उभे. बँड अंगणात शिरला आणि पुढच्यांना आमचा शेंदूर फासलेला खांब आणि बाजूला पडलेला तुकडा दिसला. आधी ढोल थांबला, मग पिपाण्या थांबल्या. सर्वांत मागचा तुतारीवाला ठेंगणा होता, त्याला काही दिसत नव्हतं, म्हणून तो एकटाच बराच वेळ वाजवत राहिला. मग तोही थांबला.

त्यांचे प्रमुख हेर वेक्सलर पुढे आले. दारात मावणार नाही असा माणूस. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणतायत?" वस्ताद.

"विचारतायत, खांब कुणी तयार केला," मी.

वस्तादांनी छाती पुढे काढली. "मी. माझ्या या हातांनी."

हे मला जसंच्या तसं भाषांतर करावं लागलं, कारण ते हात दाखवत होते. गर्दीतून एक बाई "ओ गॉट!" म्हणाली, म्हणजे 'अरे देवा!'

"आपण काय केलं हे ह्या गृहस्थांना कळतं का?" वेक्सलर.

"विचारतायत, हे काम कसं जमतं तुम्हाला."

"सांगा त्यांना," वस्ताद प्रसन्नपणे म्हणाले, "आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. माझ्या आजोबांनी पाच-पन्नास तरी केले असतील."

मी भाषांतर करेना. पण त्यांनी बोटांनी पन्नास दाखवले आणि करवत चालवल्याचा अभिनयही केला. गर्दी एक पाऊल मागे सरली. वेक्सलरनी टोपी काढली आणि छातीशी धरली, मयताला धरतात तशी.

वस्ताद काही भोळे नव्हते. साऱ्या आयुष्यात त्यांनी माणसांच्या अंगाकडे बघूनच त्यांच्या मनातलं ओळखलं होतं. ते वळले आणि माझ्या कानांकडे बघत राहिले. माझे कान खोटं बोलताना लाल होतात. हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"श्यामकांत," ते म्हणाले, "पाहुणे खूश दिसत नाहीत. खरं काय ते सांगा."

सांगितलं. सगळं सांगितलं. वखार, होकार, रीत, करवत. मी बोलत होतो आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"मारुतीला चोरीचा खांब दिला मी," एवढंच ते म्हणाले. मग फेटा उतरवून हातात घेतला, वेक्सलरसमोर गेले आणि वाकले. "यांना म्हणावं, मुलगा नव्हे, वस्ताद चुकला. मी विचारायला हवं होतं. सांगाल ती शिक्षा."

हे मात्र मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. वेक्सलरनी आमच्या खांबाला हात लावला, शेंदूर पाहिला, हार पाहिला.

"ह्याची पूजा केलीत?" त्यांनी विचारलं.

"जा," मी म्हणालो. या वेळी खरंच.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', ते म्हणाले, "आमच्या खांबाची आम्ही कधी इतकी बडदास्त ठेवली नाही." उरलेला तुकडा ते घेऊन जाणार होते. उद्या तोच चौकात उभा राहणार होता, ठेंगणा तर ठेंगणा. आमच्या पथकानं आपला खांब घेऊन तिथे यायचं आणि खेळ दोन्ही गावांपुढे करायचा. आणि शिक्षा? "वर चढून कडं चोरानं बांधायचं."

"चोर कोण?" कुणीतरी विचारलं.

वस्तादांना जर्मनचं अक्षर येत नव्हतं. तरी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

एक मेच्या सकाळी, दोन गावं, दोन बँड आणि एका वार्ताहराच्या साक्षीनं, मी भास्करचा लंगोट नेसून त्या मेस्तंभाला मिठी मारली. गळ्यात हिरवं कडं होतं. मी एक हात वर चढलो आणि मला एरंडेलाची आठवण झाली. पायापासून शेंड्यापर्यंत. एका आईची दोन लेकरं.

मी खाली आलो. पुन्हा चढलो, पुन्हा आलो. सारखा येतच राहिलो. आधी मुलं हसली, मग बायका, मग वेक्सलर पोट धरून पिंपावर बसले आणि हेर क्नोल त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडेपर्यंत हसले. काल एकमेकांकडे न बघणारी ती माणसं माझ्यामुळे एकमेकांच्या पाठी थोपटत होती. शेवटी भास्करनं माझ्या गळ्यातून कडं काढलं, सरसर वर गेला, पायानं पकड घेऊन उलटा लटकला आणि तशाच अवस्थेत ते बांधून आला. त्यानंतर गड्यांनी आमच्या खांबावर जो खेळ केला, त्याला लोकांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. पण मला विचाराल तर सदिच्छा त्याआधीच झाली होती.

परतताना पुलावर मी वस्तादांच्या मागून चालत होतो. अंगाला एरंडेलाचा वास येत होता. धीर करून म्हणालो, "काका, मी समजून चुकलो. वसुधाला तुम्हीच सांगा."

"सांगतो की," ते म्हणाले. "मुलगा पसंत आहे."

मी जागच्या जागी थिजलो. "पण काका, मी तर तुमच्याशी खोटं बोललो."

"बोललात ना. आणि काय झालं? दोन गावं, एक बँड आणि घोडागाडी गोळा झाली. तुमच्या हातून लबाडी लपणारच नाही. कान आधी सांगतात. मुलीच्या बापाला आणखी काय हवं?"

लग्न पुण्यात थाटात झालं. अंतरपाट धरला, वसुधा समोर आली, गुरुजींनी मला पाटावर उभं राहायला सांगितलं. मी पाय उचलला, एवढ्यात सासरे मांडवाच्या त्या टोकाहून ओरडले.

"थांबा! आधी विचारा, तो पाट कुणाचा आहे?"